शौचाच्या डबीपासून निदानापर्यंत: पचनविकारांत मेटाबोलिक प्रोफाइलिंग कसं करावं

एकाच माणसाच्या शौचाचे, एकाच वेळी घेतलेले दोन नमुने डोळ्यांपुढे आणा. एक वीस मिनिटांत उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये गेला. दुसरा पाच तास टेबलावर पडून राहिला आणि मग फ्रीजरमध्ये गेला. आपण शरीराबाहेर आलोय याची दुसऱ्या डबीतल्या जिवाणूंना खबरच नसते. त्यांचं आंबवणं चालूच राहतं आणि ॲमिनो आम्लं, मेदाम्लं यांचा हिशोब तासागणिक बदलत जातो. मशीनवर लावले की दोन्हींचे आलेख वेगळे येतात आणि मशीन तो फरक इमानेइतबारे दाखवतं. हा फरक आजाराचा की उशिराचा, हे मात्र त्याला विचारून उपयोग नाही. ते कळायची सोय आपणच आधी करून ठेवायची असते. म्हणून या लेखात मशीनपेक्षा मशीनच्या आधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

मेटाबोलिक प्रोफाइलिंग किंवा मेटाबोलोमिक्स म्हणजे शरीरातल्या लहान रेणूंची एकत्रित मोजदाद. साखरा, ॲमिनो आम्लं, मेदाम्लं, पित्ताम्लं, जीवनसत्त्वं आणि त्यांची मोडतोड होऊन बनलेली रूपं, असे साधारण १५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) हलके रेणू यात येतात. कल्पना जुनीच आहे. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच गॅस क्रोमॅटोग्राफी वापरून श्वासात सुमारे २५० आणि लघवीच्या वाफेत सुमारे २८० पदार्थ वेगळे करून दाखवले होते.

दवाखान्यातही या विचाराची एक अगदी साधी आवृत्ती रोज वापरली जाते: हेलिकोबॅक्टर पायलोरीसाठीची युरिया श्वास चाचणी. रुग्णाला कार्बन-१३ असलेला युरिया देतात. जठरात हा जिवाणू असेल तर त्याचं युरिएज विकर तो युरिया फोडतं आणि खुणेचा कार्बन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो. एकच रेणू आणि एकच प्रश्न, तरी चाचणीआधी अँटिबायोटिक चार आठवडे आणि आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्या दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जिवाणू असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. हजारो रेणू एकदम मोजायचे तर पथ्यं किती पाळावी लागतील, याचा अंदाज यावरून यावा.

पायरी १: प्रश्न नीट बांधा

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी अभ्यास म्हणजे एकीकडे तीव्र अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण आणि दुसरीकडे धडधाकट स्वयंसेवक. दोन्ही गट आलेखावर लख्ख वेगळे दिसतात, कारण एका गटाला जुलाब आहेत, रक्त जातंय, भूक गेली आहे, औषधं चालू आहेत. पण डॉक्टरांसमोर धडधाकट माणूस आणि कोलायटिसचा रुग्ण असा पेच कधी नसतोच. पोटात दुखतंय, शौचाची सवय बदलली आहे, हा आयबीएस (सूज नसलेला, आतड्याच्या कामातला बिघाड) की आयबीडी (क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस असे आतड्याला सूज आणणारे आजार), कोलोनोस्कोपी करायची की नाही, असा पेच असतो. तेव्हा तुलनेचा गटही तसाच हवा: तीच लक्षणं घेऊन त्याच दारातून आत आलेली, पण तपासाअंती तो आजार नसलेली माणसं.

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘क्रोन्सच्या रुग्णांपैकी कोणाचा आजार पुढच्या सहा महिन्यांत उसळेल?’ हा प्रश्न आणि ‘क्रोन्स आहे की नाही?’ हा प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यासाठी त्याच रुग्णांचे पुन्हापुन्हा नमुने लागतात, दुसऱ्यासाठी निदान होण्याआधीचे, औषध सुरू होण्याआधीचे. जी आजवरची सर्वमान्य कसोटी आहे (बायोप्सी, कोलोनोस्कोपी, स्कॅन), तिचा निकाल प्रत्येक रुग्णासाठी हाताशी हवा. तो नसेल तर तुमचं मॉडेल कशाशी ताडून पाहणार?

पायरी २: कोणता नमुना, कशासाठी

शौच हा आतड्याच्या सगळ्यात जवळचा साक्षीदार. त्यात दोन कुटुंबांकडे आधी बघावं.

पहिलं कुटुंब लघुशृंखल मेदाम्लांचं: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. न पचलेले तंतू जिवाणू आंबवतात तेव्हा ही बनतात आणि मोठ्या आतड्यात त्यांचं प्रमाण साधारण ६०:२०:२० असं असतं. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचं मुख्य इंधन आहे. आयबीडीमध्ये ते कमी आढळतं, आणि २००७ पासूनच्या एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखण्याचं तंत्र) अभ्यासांतही हे दिसलं आहे. पण इथे एक खोच आहे. शौचात जे सापडतं ते उरलेलं ब्युटिरेट असतं, कारण बनलेलं बहुतेक आतड्यानेच शोषून घेतलेलं असतं. जुलाबात माल आतड्यातून झपाट्याने पुढे सरकतो, शोषायला वेळच कमी मिळतो. त्यामुळे शौचातला आकडा म्हणजे उत्पादन वजा शोषण. तो कमी आला म्हणून ‘जिवाणू ब्युटिरेट बनवत नाहीत’ असा सरळ निष्कर्ष काढू नये.

दुसरं कुटुंब पित्ताम्लांचं, आणि माझ्या मते पचनविकारांत यांच्याइतका बोलका रेणूसमूह नाही. यकृत कोलेस्टेरॉलपासून प्राथमिक पित्ताम्लं (कोलिक आणि चिनोडीऑक्सीकोलिक) बनवतं. त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले मोजकेच जिवाणू त्यांचं दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतात: कोलिकपासून डीऑक्सीकोलिक, चिनोडीऑक्सीकोलिकपासून लिथोकोलिक. या साखळीत कुठे बिघाड झाला यावरून आजाराची जागा कळू शकते. शोषणाचा भाग सुजला किंवा कापून काढला तर पित्ताम्लं वाया जातात आणि जुलाब लागतात. रूपांतर करणारे जिवाणू गेले तर प्राथमिक वाढतात, दुय्यम घटतात. १३२ जणांच्या शौच आणि रक्ताचे नमुने वर्षभर घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयबीडीच्या मोठ्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. आतड्यातली जिवाणूंची वसाहत विस्कटली की प्राथमिक पित्ताम्लं चढत होती आणि दुय्यम उतरत होती.

लघवी गोळा करायला सोपी आणि रुग्णालाही त्यात संकोच कमी. क्रोन्सच्या रुग्णांच्या लघवीत हिप्युरेट कमी असतं, हे या क्षेत्रातलं माझं आवडतं उदाहरण. हिप्युरेट बनायला आधी आतड्यात बेंझोएट तयार व्हावं लागतं आणि मग शरीराने, मुख्यतः यकृताने, त्याला ग्लायसीन जोडावं लागतं. मग दोष कोणाचा, यकृताचा की जिवाणूंचा? संशोधकांनी रुग्णांना थेट सोडियम बेंझोएट देऊन पाहिलं. त्यांच्या शरीराने ते व्यवस्थित जोडून बाहेर टाकलं. म्हणजे यकृताचं काम ठीक होतं, कच्चा मालच आतड्यातून कमी येत होता. सुगावा लागल्यावर असा एक साधा प्रयोग लावला की ‘दोन गोष्टी सोबत दिसतात’ यापलीकडे जाता येतं.

रक्तात सगळ्या शरीराची बेरीज येते, त्यामुळे आतड्याचा आवाज क्षीण होतो. यकृत आणि स्वादुपिंडासाठी मात्र रक्तच बरं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान होण्याच्या दोन ते पाच वर्षं आधीच्या रक्तात शाखायुक्त ॲमिनो आम्लं वाढलेली होती, असं २०१४ मध्ये जुन्या साठवलेल्या नमुन्यांवरून दिसून आलं. श्वासाचा नमुना हायड्रोजन आणि मिथेनसाठी रुळलेला आहे. त्यापलीकडच्या बाष्पांचं काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे.

पायरी ३: रुग्णासोबत काय काय लिहून घ्यायचं

ही पायरी कंटाळवाणी म्हणून उरकली जाते आणि नंतर सगळं याच ठिकाणी अडतं.

आमच्याकडे एकदा शौचाच्या नमुन्यांचा एक संच आला. मोठ्या आतड्यातल्या गाठी असलेले आणि नसलेले, असे दोन गट. पहिल्याच आलेखात दोन पुंजके इतके सुटे पडले की खोलीत टाळ्या वाजल्या. मग मी एनएमआरचा कच्चा आलेख उघडला. आडव्या मापावर ३.७ पीपीएमजवळ एकच राक्षसी शिखर उभं होतं. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनवर) तेच नमुने पाहिले तर ४४ डाल्टनच्या अंतराने शिडीसारखी शिखरं. पॉलिएथिलिन ग्लायकॉल! एका गटाचे बहुतेक नमुने कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं औषध दिल्यावर घेतले होते, दुसऱ्या गटाचे त्याआधी. आम्ही गाठी ओळखल्या नव्हत्या, जुलाबाचं औषध ओळखलं होतं. नोंदवहीत ‘नमुना केव्हा घेतला’ हा रकाना होता, पण त्यात फक्त तारीख भरलेली होती. वेळही नाही, औषध देण्याआधी की नंतर तेही नाही.

तेव्हा किमान एवढं लिहाच: वय, लिंग, वजन-उंची. शेवटचं खाणं केव्हा आणि काय. धूम्रपान. पोटावरच्या शस्त्रक्रिया, विशेषतः पित्ताशय किंवा लहान आतड्याचा तुकडा काढला आहे का. गेल्या तीन महिन्यांतली अँटिबायोटिक. चालू औषधं मात्रेसकट. ब्रिस्टल मापावर (१ कडक, ७ पातळ) शौच १ ते ७ पैकी कोणत्या प्रकारचं. आणि कोलोनोस्कोपीची तयारी झाली होती का.

औषधांबद्दल दोन शब्द जास्त, कारण ती स्वतःच मेटाबोलाइट होऊन समोर येतात. कोलायटिसचे रुग्ण मेसालाझिन घेतात. त्याचं ॲसिटाइल रूप शौचात आणि लघवीत ठळक दिसतं, आणि बेसावध माणूस त्यालाच कोलायटिसची खूण समजतो. अर्सोडीऑक्सीकोलिक आम्ल हे आतड्यात थोडं तयार होणारं पित्ताम्ल आहे आणि यकृताच्या आजारांत दिलं जाणारं औषधही. पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, पीपीआय यांचेही ठसे उमटतात. आहाराचं तसंच. चहा, कॉफी, फळं यांनी हिप्युरेट चढतं, मासे खाल्ले की ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड.

पायरी ४: गोळा करणं आणि साठवणं

शौच एकजिनसी नसतं. वरचा कोपरा आणि मधला भाग यांचं रसायन सारखं नसतं, म्हणून पूर्ण नमुना आधी घोटून घ्या आणि मगच छोट्या कुप्यांत वाटा. प्रत्येकाच्या चार-पाच कुप्या करा, म्हणजे पुढे एक लागली तर सगळं वितळवावं लागणार नाही. घरी नमुना घ्यायचा असेल तर थंड पिशवीची सोय करून द्या आणि घेतल्यापासून गोठवेपर्यंतचे तास लिहून घ्या. सगळ्यांचा वेळ सारखा ठेवता आला तर उत्तम, नाही आला तर निदान नोंद तरी असू द्या.

पाण्याचं प्रमाण हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय आहे. पातळ शौचात सगळंच विरळ दिसतं. उपाय म्हणून काहीजण नमुना गोठवून वाळवतात आणि कोरड्या वजनावर आकडे मांडतात. पित्ताम्लांसाठी ते चालतं, पण लघुशृंखल मेदाम्लं बाष्पशील असतात, वाळवताना उडून जातात, आणि माध्यम आम्लधर्मी असेल तर अधिकच. म्हणून एक कुपी ओलीच ठेवा आणि त्यातूनच मेदाम्लं मोजा. दुसऱ्या कुपीतून फक्त कोरडं वजन काढा.

रक्तासाठी सगळ्यांना एकाच प्रकारची नळी. ईडीटीए किंवा सायट्रेट (रक्त गोठू न देणारी रसायनं) असलेली नळी वापरली तर त्यांची स्वतःची शिखरं एनएमआरमध्ये येतात. रक्त काढल्यावर थंड ठेवा, ठरलेल्या वेळात फिरवून रक्तद्रव वेगळा करा, लालसर झालेला नमुना बाजूला काढा. लघवी क्रिएटिनिनने किंवा ऑस्मोलॅलिटीने (विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाने) सारखी करून घ्यावी लागते, कारण कोणी किती पाणी प्यायलं यावर आकडे हलतात.

पायरी ५: मशीन निवडणं

एनएमआर नमुना नासवत नाही, आज आणि दोन वर्षांनी जवळपास सारखंच उत्तर देतं, आणि मात्रा थेट सांगतं. फक्त त्याला मायक्रोमोलर पातळीच्या खालचं फारसं दिसत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर कितीतरी पटींनी संवेदनशील, पण लहरी. मेदाम्लांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसह मास, पित्ताम्लं आणि लिपिडांसाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफीसह मास, आणि पहिली चाचपणी करायला एनएमआर, असा माझा नेहमीचा कौल असतो.

नमुना तयार करण्याची पद्धत साधी असावी. रक्तद्रवाच्या एका भागाला तीन भाग थंड मिथेनॉल घाला, म्हणजे प्रथिनं साकळतात. ४ अंशांवर फिरवून वरचं नितळ पाणी घ्या. मिथेनॉलमध्येच ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनची) अंतर्गत मानकं, म्हणजे ठरलेल्या मात्रेची ओळखीची रसायनं, आधीपासून मिसळलेली असू द्या, म्हणजे कुठल्या नमुन्यात हात चुकला ते लगेच दिसतं. शौच तोलून, फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.४) घोटून, फिरवून, वरचा द्रव एनएमआरच्या नळीत जातो. रक्तद्रवात टीएसपी हे नेहमीचं संदर्भ-रसायन प्रथिनांना चिकटतं, तेव्हा तिथे त्याच्या भरवशावर मात्रा काढू नका.

पायरी ६: रांग कशी लावायची

आधी सगळे रुग्ण आणि मग सगळे निरोगी अशी रांग लावलीत तर दिवसभरात मशीनची संवेदनशीलता जी ढळते, ती आजाराची खूण म्हणून समोर येईल. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि एकाच रुग्णाचे सगळे नमुने शक्यतो एकाच बॅचमध्ये ठेवा.

प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग काढून एक एकत्रित नमुना बनवा. हा ‘पूल्ड क्यूसी’, मोजणीचा दर्जा तपासायचा. सुरुवातीला तो पाच-दहा वेळा लावून कॉलम (पदार्थ वेगळे करणारी नळी) स्थिरावू द्या आणि नंतर दर पाच ते दहा नमुन्यांनी तो पुन्हा लावत राहा. एकच द्रव वारंवार मोजला जातोय, तेव्हा त्याचे आकडे सारखेच यायला हवेत. ज्या शिखराचा क्यूसीमधला फरक ३० टक्क्यांपेक्षा जास्त, ते शिखर यादीतून काढून टाका. जे रिकाम्या ब्लँकमध्येही (नमुना न घातलेल्या द्रावणातही) तेवढंच दिसतं, तेही काढा. या चाळणीत निम्मी यादी गेली तरी हळहळू नका.

पायरी ७: आकड्यांशी वागणं

शिखरं ओळखून जुळवायला एक्ससीएमएस, एमझेडमाइन, एमएस-डायल ही मोफत साधनं आहेत. त्यानंतर लॉग घेणं, माप सारखं करणं वगैरे नेहमीचं.

पहिला आलेख पीसीएचा, म्हणजे हजारो आकडे दोन-तीन अक्षांवर आणून प्रत्येक नमुना एका ठिपक्याने दाखवणारा. त्यात गटांचे रंग भरण्याआधी बॅचचे, मशीनवर लावल्याच्या तारखेचे, नमुना आणणाऱ्या केंद्राचे रंग भरून पाहा. क्यूसीचे ठिपके एकाच ठिकाणी घट्ट गोळा झालेले असले पाहिजेत. ते पसरलेले असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग मोह होतो तो ओपीएलएस-डीए सारख्या पद्धतींचा, ज्यांना गटाचं नाव आधीच सांगितलेलं असतं. चाळीस नमुने आणि चार हजार शिखरं असली की या पद्धती चिठ्ठ्या टाकून पाडलेले गटही सुंदर वेगळे करून दाखवतात. खरंच करून बघा: गटांची नावं मिसळून तेच मॉडेल हजार वेळा चालवा. खऱ्या नावांचं उत्तर या हजारांपेक्षा ठळकपणे सरस नसेल तर तुमच्या हातात काही नाही. एकेक शिखर तपासतानाही तसंच. चार हजार शिखरांत पी ०.०५ ची रेषा लावली तर निव्वळ योगायोगाने दोनशेच्या आसपास ‘महत्त्वाची’ निघतील, म्हणून अनेक चाचण्या एकदम केल्याची भरपाई करणारी बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती लावायचीच. शिखरांची निवडसुद्धा क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (काही नमुन्यांवर मॉडेल बांधून उरलेल्यांवर तपासण्याच्या) आत व्हायला हवी. आधी सगळ्या नमुन्यांवर उत्तम वीस शिखरं निवडायची आणि मग त्यांचीच ‘परीक्षा’ घ्यायची, म्हणजे पेपर फोडून बसल्यासारखं आहे.

पायरी ८: शिखराला नाव देणं

मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान सांगतो, नाव सांगत नाही. ऋण आयनात ३९१.२८५ ला एक शिखर दिसलं, डेटाबेसने ‘डीऑक्सीकोलिक आम्ल’ म्हटलं, आणि आपण लिहून मोकळे: दुय्यम पित्ताम्ल वाढलं. पण चिनोडीऑक्सीकोलिक आणि अर्सोडीऑक्सीकोलिक यांचंही सूत्र अगदी तेच आहे. डीऑक्सीकोलिक दुय्यम, चिनोडीऑक्सीकोलिक प्राथमिक, अर्सोडीऑक्सीकोलिक कदाचित रुग्णाने सकाळी घेतलेली गोळी. नाव चुकलं तर अर्थ उलटा होतो. म्हणून तिन्हींची शुद्ध रसायनं त्याच कॉलमवर चालवा आणि कोण किती मिनिटांनी बाहेर येतं ते जुळवा.

२००७ मध्ये ठरलेल्या निकषांत ओळखीच्या चार पातळ्या आहेत. शुद्ध मानकाशी किमान दोन स्वतंत्र गुणधर्म जुळले तर पहिली पातळी, आणि नावगाव नसलेलं शिखर चौथीत. अहवालात प्रत्येक रेणूसमोर पातळी लिहा. निदानासाठी वापरायचा रेणू पहिल्या पातळीखाली असताच कामा नये.

पायरी ९: दवाखान्यापर्यंत

समजा, सगळं जमलं. १० रेणूंची चाचणी आतड्याच्या कर्करोगासाठी ९० टक्के संवेदनशील (रुग्णांना पकडणारी) आणि ९० टक्के विशिष्ट (निरोग्यांना निगेटिव्ह सांगणारी) निघाली. अभ्यासात निम्मे लोक रुग्ण होते, त्यामुळे पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी नऊजण खरे रुग्ण. आता तीच चाचणी अशा हजार जणांवर लावा, ज्यांच्यात आजार १ टक्का आहे. दहा रुग्णांपैकी नऊ सापडतील, आणि ९९० निरोग्यांपैकी ९९ जण उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १०८ पॉझिटिव्हांत खरे फक्त नऊ, साधारण ८ टक्के. चाचणी तीच, माणसं बदलली. तेव्हा ती ज्या दारात वापरायची, त्याच दारातल्या नव्या लोकांवर, दुसऱ्या केंद्रात, शक्यतो दुसऱ्या मशीनवर तपासा. आणि आधीपासून असलेल्या स्वस्त चाचणीशी, म्हणजे आयबीडीच्या बाबतीत शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनशी (आतड्याच्या सुजेत वाढणाऱ्या प्रथिनाशी), तुलना करा. तिच्यात काही भर पडत नसेल तर दहा रेणूंचा खटाटोप कशाला?

हा सगळा प्रवास पार करून आलेले रेणू थोडे आहेत, पण आहेत. पित्ताम्लांमुळे होणारे जुलाब ओळखायला सेहकॅट ही किरणोत्सारी सेलेनियमची चाचणी असते: एक कॅप्सूल, एक स्कॅन, सात दिवसांनी दुसरा स्कॅन. सात दिवसांनी १५ टक्क्यांपेक्षा कमी उरलं तर पित्ताम्लं वाया जात आहेत. पण ती सगळ्या देशांत मिळत नाही. त्याला पर्याय म्हणून रक्तातला सी-४ हा एकच रेणू मोजतात. आतड्याने पित्ताम्लं परत दिली नाहीत की यकृत नवी बनवायला लागतं, आणि सी-४ हा त्या बनवण्याच्या वाटेवरचा मधला टप्पा असल्यामुळे रक्तात चढतो. त्यासाठी नमुना सकाळी उपाशीपोटीच घ्यावा लागतो. सी-४ दिवसभरात आपोआप वरखाली होतो आणि दुपारच्या सुमाराला चढलेला असतो. फॉर्मवर तारखेशेजारी वेळेचा रकाना असतो, तो रिकामा आला तर नमुना लावण्याआधी फोन करून विचारा.